मांडवाची शोभा आणि मांडवाची दारे

हैदराबादहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता हुमनाबाद मागे टाकून बसवकल्याण तालुक्यात शिरतो, तेव्हा वाटेत राजेश्वर हे गाव लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि बिदर जिल्ह्याचा हा भाग जुन्या हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. कागदोपत्री सीमा ठरली, तरी बोलण्यातली सीमा ठरली नाही. ह्या पट्ट्यात एकाच घरात सासू कानडीत हाक मारते आणि सून मराठीत ओ देते, बाजारात दोघी दखनीत घासाघीस करतात. लग्नाच्या दिवसांत तर भाषांची सरमिसळ अधिकच उघड होते. मराठी घरी ज्याला मांडव म्हणतात, त्यालाच शेजारच्या कानडी घरी हंदर म्हणतात. तोरण आणि बाशिंग हे शब्द थोड्याफार फरकाने दोन्ही घरी तेच. मराठी घरात अक्षता पडतात, कानडी घरात 'अक्की काळू' पडतात. तांदूळ मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

ह्या भागातील जुन्या पद्धतीच्या लग्नाची शोभा विकत आणलेली नसे. ती गावातल्या हातांनी केलेली असे. आंब्याचे टहाळे शेतकरी आणी. चुन्याने आणि कावेने रंगवलेली मडकी कुंभार देई. भेंडाचे आणि बेगडाचे बाशिंग जिनगर किंवा चितारी करी. फुलांच्या माळा फुलारी गुंफी, चुडा कासार भरी, नवरदेवाच्या पायांतील वहाणा चर्मकार शिवी आणि हलगी-सनईची साथ मातंगांची असे. घरातल्या बायका रात्री जागून मुंडावळ्या ओवीत आणि अंतरपाटावर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढीत. मुलीच्या रुखवतात मण्यांची तोरणे, लोकरीची फुले, शेवया आणि कुरडया ह्यांची आरास असे. लग्न लागण्यापूर्वीच अर्ध्या गावाचे हात त्या मांडवाला लागलेले असत.

परंतु ह्याच मांडवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या हातांनी वहाणा शिवल्या त्या हातांना पंगतीत पान नसे. ज्याने हलगी वाजवून वरात गाजविली, त्याने मांडवाबाहेर बसून उरलेले अन्न घ्यावे अशी रीत होती. जिने रात्रभर मुंडावळ्या ओवल्या ती काकू विधवा असेल, तर त्या मुंडावळ्या वधूच्या कपाळी बांधण्याचा मान तिला नसे. ती आतल्या खोलीतून मंगलाष्टके ऐके. म्हणजे शोभा साऱ्या गावाची असली तरी तिच्या मध्यभागी कोणी बसावे, कोणाच्या शेजारी कोणी बसावे आणि कोणी दाराबाहेर थांबावे हे आधीच ठरलेले असे. मांडवाला चारी बाजू मोकळ्या दिसतात. प्रत्यक्षात त्याला पुष्कळ दारे असतात आणि त्यांतील बरीचशी बंद असतात.

ही बंद दारे उघडण्याचा एक फार मोठा प्रयत्न राजेश्वराच्या तालुक्याच्याच गावी, कल्याणात, बाराव्या शतकात झाला. कल्याणी चालुक्यांची ही राजधानी पुढे कलचुरी बिज्जळाच्या हाती आली. त्याच्या दरबारी बसवेश्वर मोठ्या अधिकारपदावर होते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांमध्ये नावाडी होते, परीट होते, दोर वळणारे होते, लाकूड फोडणारे होते. कायक, म्हणजे हातांनी केलेले प्रामाणिक काम, हीच पूजा असे ते मानीत. ह्या शरणांतील हरळय्या हे व्यवसायाने चर्मकार होते.

हरळय्यांची कथा ह्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते. परंपरा सांगते, ती अशी. एकदा वाटेत हरळय्यांनी बसवेश्वरांना 'शरणु' म्हणून वंदन केले. बसवेश्वरांनी उलट दोन वेळा वंदन केले. एका नमस्काराचे आपल्यावर ऋण राहिले, असे त्या सरळ मनाच्या माणसाला वाटले. ते फेडायचे कशाने? त्यांनी व त्यांची पत्नी कल्याणम्मा ह्यांनी आपापल्या मांडीचे कातडे काढून दिले आणि त्याचे जोडे शिवले. बसवेश्वरांनी ते पायांत घातले नाहीत, मस्तकी धरले. पुढे हे जोडे मधुवरस नावाच्या ब्राह्मण अधिकाऱ्याने उद्दामपणे पायांत घातले, त्याच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि हरळय्यांच्या घरच्या कातडे भिजवण्याच्या कुंडातील पाण्याने तो शमला, असेही कथेत आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कथेचा रोख स्पष्ट आहे. ज्या पाण्याचा विटाळ मानला जाई, त्याच पाण्याने ब्राह्मण बरा झाला आणि शरण झाला.

ह्यानंतरची घटना मात्र इतिहासाला हादरा देणारी ठरली. मधुवरसांची मुलगी आणि हरळय्यांचा मुलगा ह्यांचा विवाह ठरला. दोन्ही घरे आता शरणांची होती. त्यांच्या दृष्टीने जात उरलीच नव्हती. राजधानीच्या दृष्टीने मात्र ब्राह्मणाची मुलगी चर्मकाराच्या घरी जात होती. सनातन्यांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. बिज्जळाने दोन्ही पित्यांचे डोळे काढविले आणि त्यांना हत्तीच्या पायी बांधून नगरातून फरफटत नेऊन ठार केले, असे परंपरा सांगते. बसवेश्वर कूडलसंगमाला निघून गेले. ११६७ च्या सुमारास बिज्जळाचाही खून झाला आणि शरण दिशादिशांना पांगले. त्यांतील काही चन्नबसवण्णांबरोबर थेट उळवीच्या रानापर्यंत गेले. गिरीश कार्नाडांनी १९९० मध्ये लिहिलेल्या 'तलेदंड' ह्या कानडी नाटकाचा विषय हाच आहे.

ह्या कथेत मन थबकते ते एका लहानशा गोष्टीपाशी. मुलाचे नाव शीलवंत असे बहुतेक ठिकाणी सांगतात. मुलीचे नाव मात्र कथेगणिक बदलते. कोणी लावण्या म्हणतात, कोणी कलावती. जिच्या लग्नावरून राज्य उलथले, तिचे नावही नीट टिकले नाही. त्या लग्नात मांडव कसा होता, तोरण कोणी बांधले, ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. परंतु त्या लग्नाची खरी शोभा म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली ती वस्तू हाताने शिवलेली आहे. ती म्हणजे जोड्यांची एक जोडी. ज्यांना कोणी वर घेत नाही, ते मस्तकी घेतले गेले.

योगायोग असा, की कल्याणातच ह्या घटनेच्या काही दशके आधी हिंदू धर्मशास्त्रातील एक श्रेष्ठ ग्रंथ लिहिला गेला होता. चालुक्य सहावा विक्रमादित्य ह्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका रचली. पुढे बंगाल सोडून जवळजवळ साऱ्या भारतात वारसा आणि कुटुंब ह्यांचा कायदा ह्याच ग्रंथाच्या आधारे चालला. स्मृतींनी वरच्या वर्णाच्या पुरुषाने खालच्या वर्णाच्या स्त्रीशी केलेल्या विवाहाला अनुलोम म्हणून नाखुषीने का होईना जागा दिली होती. ह्याच्या उलट, म्हणजे प्रतिलोम संबंध, निषिद्ध मानला होता. कल्याणातील लग्न प्रतिलोम होते. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांपुढे असे प्रश्न आले, तेव्हाही अनुलोम विवाहांना काही निवाड्यांत मान्यता मिळाली आणि प्रतिलोम विवाह अवैध ठरविला गेला. ही भिंत साऱ्या देशासाठी कायद्याने पाडली ती १९४९ मध्ये, हिंदू विवाह वैधता अधिनियमाने. म्हणजे हरळय्यांच्या मुलाचे लग्न कायद्याच्या नजरेत निर्दोष ठरण्यासाठी जवळजवळ आठ शतके जावी लागली. त्या आधी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय विवाहांना कायद्याचा आधार दिला होता, हे महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावे असे आहे.

कायदा बदलण्यापूर्वी माणसे बदलतात, आणि माणसे बदलली की त्यांचे मांडव बदलतात. महाराष्ट्रातील सुधारकांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लागला. भटजी नव्हता, हुंडा नव्हता, थाट नव्हता. विडासुपारीवर काम भागले. जोतीराव फुले ह्यांनी पुढे अशा विवाहांसाठी नवी मंगलाष्टके रचली. त्यांत वधू मुकाट्याने उभी राहात नाही; ती वराशी बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांविषयी त्याच्याकडून वचन घेते. येथे आरास कमी करणे हेच मोठे विधान होते. जो खर्च करू शकत नाही त्याचेही लग्न श्रीमंताच्या लग्नाइतकेच पवित्र आहे, असे तो साधा मांडव सांगत होता.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही असेच. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधवी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. त्या चित्पावन ब्राह्मण, ते शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीचे. त्या मराठी, ते बंगाली. हा विवाह १८७२ च्या कायद्याने नोंदणी पद्धतीने झाला. त्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे प्रस्थापित धर्मांपैकी कोणताही धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. हवे त्या माणसाशी लग्न करायचे तर आपल्या देवघराचे दार आधी बंद करून यायचे, अशी ती अट होती. १९२३ च्या दुरुस्तीने ती काही अंशी सैल झाली आणि १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाने धर्म न सोडता धर्माबाहेर विवाह करणे साऱ्यांना शक्य झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्यानंतर महाराष्ट्रात आणि सीमेवरील गावांत लग्नाच्या मांडवाचा रंगच पालटला. बाशिंग गेले. वधूवरांच्या अंगी शुभ्र वस्त्रे आली. बोहल्याच्या जागी पांढऱ्या कापडाने झाकलेल्या मेजावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या आणि फुले दिसू लागली. पाहणाऱ्याला हा केवळ सजावटीतला फेर वाटेल. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्याच्या मांडवाबाहेर उभे केले गेले, त्याने आपल्या हातांनी आपला मांडव घातला, त्याचा तो रंग होता. १९३६ मध्ये लिहिलेल्या 'जातिसंहार' ह्या प्रबंधात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हणून सांगितला होता. ह्या विचाराची आठवण अलीकडे काही लग्नांत वेगळ्या रीतीने जपली जाते. तेथे संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते. कर्नाटकात काही लिंगायत कुटुंबे मंत्रांऐवजी शरणांची वचने म्हणून लग्न लावतात.

आरास आणि कायदा ह्यांचा संबंध किती जवळचा आहे हे पाहायचे असेल, तर मद्रास राज्याने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात केलेली दुरुस्ती पाहावी. स्वाभिमान चळवळीतील पुरोहिताविना लागलेली लग्ने न्यायालयांनी अमान्य केल्यामुळे ती करावी लागली. नातेवाईक, स्नेही किंवा इतर माणसांच्या समक्ष, एकमेकांना समजेल अशा भाषेत वधूवरांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचे सांगावे आणि एकमेकांच्या गळ्यात माळ घालावी, किंवा बोटात अंगठी घालावी, किंवा मंगळसूत्र बांधावे. एवढ्याने विवाह पूर्ण होतो, असे ह्या दुरुस्तीने ठरविले. फुलाऱ्याने गुंफलेल्या माळेला येथे पुरोहिताच्या मंत्राइतके वजन आले.

ह्याच्या शेजारी विशेष विवाह अधिनियमाची नोटीस ठेवून पाहावी. ह्या कायद्याने विवाह करू इच्छिणाऱ्यांचे नाव आणि पत्ता असलेली नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत दर्शनी जागी लावली जाते. तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. लग्नघराच्या दारी तोरण लागते ते येणाऱ्यांना या म्हणण्यासाठी. कचेरीच्या भिंतीवरचा कागद मात्र कोणाची ना आहे का, असे विचारतो. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्या तरुण-तरुणींना ह्या तीस दिवसांचे भय किती असते, हे वकील आणि कार्यकर्ते जाणतात. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी संस्थेच्या प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने विवाह करायचे ठरविले, तर कुटुंबाची, जातीची वा कुळाची संमती आवश्यक नाही. न्यायालयाला हे सांगावे लागले, ह्यातच बंद दारे अजून किती आहेत हे कळते.

आता मांडवापुढे एक नवे जोडपे उभे आहे. ह्या जोडप्यात दोघेही पुरुष आहेत, किंवा दोघीही स्त्रिया आहेत. पुष्कळ घरांत हा विषय बोलण्यासही अवघड वाटतो. पण तो दूरदेशीचा विषय राहिलेला नाही. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आणून एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवरील प्रेम मराठी प्रेक्षकांपुढे ठेवले होते. १९८७ मध्ये मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी देवळात एकमेकींच्या गळ्यात माळा घातल्या. त्यांना नोकरीला मुकावे लागले. २०१७ च्या अखेरीस यवतमाळ शहरात दोन पुरुषांनी आप्तेष्टांच्या साक्षीने विवाहसोहळा केला, तेव्हा वृत्तपत्रांत त्याची बरीच चर्चा झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातून दोन सज्ञानांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना वगळले. ते संबंध तेव्हापासून गुन्हा राहिले नाहीत. परंतु गुन्हा नसणे आणि लग्न असणे ह्यांत मोठे अंतर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने म्हटले. विशेष विवाह अधिनियमाचा अर्थ वाढवून घेण्यासही पीठाने नकार दिला आणि हा प्रश्न विधिमंडळांच्या कक्षेतला मानला. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

ह्याच काळात जगात इतरत्र दारे उघडत होती. १ एप्रिल २००१ रोजी नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा हा हक्क कायद्याने अमलात आला. आयर्लंडसारख्या कॅथलिक परंपरेच्या देशात २२ मे २०१५ रोजी जनतेने मतदान करून तो मान्य केला. अमेरिकेत त्याच वर्षी २६ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो साऱ्या राज्यांना लागू केला. आशियात तैवानने २०१९ मध्ये, थायलंडने २३ जानेवारी २०२५ पासून तो दिला. शेजारच्या नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये असा पहिला विवाह नोंदला गेला. रोमन कॅथलिक धर्मपीठाने १८ डिसेंबर २०२३ रोजी काढलेल्या निवेदनात विवाह हा स्त्री आणि पुरुष ह्यांचाच, ही आपली शिकवण कायम ठेवली. पण अशा जोडप्यांना उपासनाविधीबाहेर साधा आशीर्वाद देण्यास याजकांना मुभा दिली. म्हणजे जुन्या संस्थाही दार किती उघडावे, ह्याचा विचार करीत आहेत.

ह्या चळवळीनेही आपली भाषा हातांनीच घडविली, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. सप्तरंगी ध्वज आज जगभर छापून विकला जातो. पण २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत फडकलेले पहिले ध्वज गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या स्वयंसेवक सोबत्यांनी स्वतः कापड रंगवून, स्वतः शिवून केले होते. त्यांत रंगांचे पट्टे आठ होते. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात मतदानाने समलिंगी विवाहाचा हक्क काढून घेतला गेला. तेव्हा निषेध करणाऱ्यांनी दगड उचलला नाही. पांढरी फीत घेतली, तिला एक गाठ मारली आणि ती छातीवर लावली. त्या भागात लग्न होण्यालाही 'गाठ बांधणे' म्हणतात. मराठीतील लग्नगाठीहून ती कल्पना वेगळी नाही. ज्यांना हक्क होता अशी माणसे ज्यांना नव्हता त्यांच्यासाठी ही फीत लावून हिंडली. घरात बसून दोन मिनिटांत करता येते, अशी ती वस्तू होती. कॅलिफोर्नियातील तो हक्क पुढे २०१३ मध्ये परत मिळाला.

येथे एक आक्षेप निश्चित घेतला जाईल. हरळय्यांच्या मुलाचे लग्न आणि हे नवे जोडपे ह्यांची सांगड घालणे योग्य आहे काय? जातीचा प्रश्न वेगळा, हा वेगळा. आक्षेप खरा आहे. दोन दुःखे एकसारखी नसतात आणि एकाच्या नावावर दुसऱ्याचा हिशेब चुकता करू नये. बसवेश्वरांना किंवा फुल्यांना आजच्या प्रश्नात साक्षीला उभे करणेही न्यायाचे नाही. त्यांच्यापुढे हा प्रश्न ह्या रूपाने आलाच नव्हता. कलबुर्गीकडच्या मुदनूर गावचे विणकर वचनकार जेडर दासिमय्या ह्यांनी आत्म्याला स्त्री-पुरुष असा भेद नाही, असा विचार मांडला होता; तोही विवाहासंबंधी नव्हता. परंतु दोन्ही वेळी विरोध करणाऱ्यांनी दिलेली कारणे ताडून पाहिली, तर ती फार जवळची निघतात. असे पूर्वी कधी झाले नाही. शास्त्र संमत नाही. कुळाला काळिमा लागेल. समाजाचा पाया खचेल. कल्याणात समाजाचा पाया खरोखर खचला. पण तो दोन घरांनी सोयरीक केली म्हणून खचला नाही; राजाने दोन बापांचे डोळे काढले म्हणून खचला. ही गोष्ट पाया जपणाऱ्यांनीही विसरू नये.

दुसरा आक्षेप आराशीविषयीचा आहे. तोरणे, फिती आणि फुले ह्यांनी काय होणार? हक्क मिळतात ते कायद्याने. हेही खरे आहे. नवऱ्याच्या वा बायकोच्या मृत्यूनंतर निवृत्तिवेतन मिळणे, इस्पितळात जवळची व्यक्ती म्हणून सही करता येणे, दत्तक घेता येणे, घरात वारसा मिळणे ह्या गोष्टी कागदी फुलांनी येत नाहीत. तथापि कायदा ज्या दिवशी बदलतो त्या दिवशीच माणसाचे मन बदलत नाही. १९४९ च्या कायद्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली, तरी जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला अजून पुष्कळ घरी माहेरपण मिळत नाही. मन बदलण्याचे काम घरात होते, आणि घरातल्या कामात हातांना फार मोठा वाटा असतो. ज्या आत्याने स्वतःच्या हाताने एखाद्या जोडप्यासाठी तोरण केले, ती त्या जोडप्याला मागाहून दारात उभे करणार नाही.

ह्याचे एक चांगले प्रत्यंतर कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या शिरोळ तालुक्यातल्या गावाने दिले. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे करू नये, असे गावाने ठरविले. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने हा ठराव इतर गावांनीही अनुसरावा, असे परिपत्रक काढले. कुंकवाला आणि बांगड्यांना ज्यांनी क्षुल्लक मानले असेल, त्यांनी ज्या स्त्रीच्या हातातून त्या काढून घेतल्या गेल्या तिला विचारावे. लहान वस्तूंनीच माणसाला आत किंवा बाहेर ठेवले जाते. म्हणून लहान वस्तूंनीच त्याला आत घेताही येते.

राजेश्वराच्या परिसरात आता लग्नाची आरास तालुक्याच्या दुकानातून येते. बाशिंग पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळते, फुले प्लॅस्टिकची असतात. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर साऱ्या देशात बंदी आली, तेव्हा कागद, कापड, पाने आणि धागा ह्यांची आठवण पुन्हा झाली. ही संधी नुसती पर्यावरणाची नाही. हाताने काही करायचे तर चार माणसांनी एकत्र बसावे लागते, आणि चार माणसे बसली की कोण कोण बसले आहे हे दिसते.

तेव्हा पुढच्या लग्नसराईत एखाद्या घराने इतकेच करावे. मुंडावळ्या ओवणाऱ्या विधवा काकूंनाच त्या वधूच्या कपाळी बांधू द्याव्यात. वहाणा शिवणाऱ्याला आणि हलगी वाजविणाऱ्याला निमंत्रणपत्रिका घरी नेऊन द्यावी आणि पहिल्या पंगतीला बसवावे. पत्रिकेवर वडिलांच्या नावाखाली लपलेली आईची नावे बरोबरीने छापावीत. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी लग्नाचा विषय निघाला की गप्प होत असेल, तर त्याला वा तिला एवढे कळू द्यावे, की तुझे माणूस कोणीही असो, त्याला ह्या घराचे दार बंद नाही. हे शब्दांनी सांगणे जड जात असेल, तर तोरणाच्या दोऱ्याला एक पांढरी गाठ जास्त मारावी. ज्याच्यासाठी ती मारली आहे, त्याला ती दिसेल.

कल्याणात हरळय्यांनी जोडे शिवले तेव्हा आपण इतिहास घडवीत आहोत, असे त्यांच्या मनातही नसेल. एका नमस्काराचे ऋण फेडावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या ऋणाचा काही भाग आजही शिल्लक आहे. राजेश्वराहून कल्याणाकडे जाणाऱ्या वाटेवर दर वर्षी अनेक मांडव पडतात. त्यांतील एखाद्या मांडवाच्या दारी उभे राहून आत येऊ का, असे विचारण्याची पाळी कोणावर आली नाही, तर ते ऋण थोडेसे फिटेल.